लिफ्टपासून लांबची खोली

आधी माफी मागून टाकतो. वाचनालयाच्या या अंकात नोकरीतले अनुभव लिहिणारे बाकीचे सगळे तीस-पस्तीस वर्षं काम करून निवृत्त झालेले आहेत. माझं वय एकवीस. मी टी.वाय.बी.कॉम.ला आहे आणि माझी नोकरी, तिला नोकरी म्हणायचं असेल तर, पावणेदोन वर्षांची, तीही अर्ध्या दिवसाची. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे लिहिलेलं दाखवायलाही घरात कोणी नाही. वाचनालयाच्या बाईंनी "तू कर की प्रयत्न" असं दोनदा सांगितलं, म्हणून बसलो आहे. जमलं नाही तर त्यांनी खुशाल कापावं, मला वाईट वाटणार नाही. म्हणजे, थोडं वाटेल.

माझं काम सांगितलं की लोक हसतात. मी हॉटेल निवडतो. स्वतःसाठी नाही. जे लोक मुंबईहून जहाजाने फिरायला जातात, त्यांनी आदल्या रात्री कुठे राहायचं, ते मी ठरवतो. उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये, जीन्सच्या कारखान्यांच्या गल्लीत हरेश शेठचं ट्रॅव्हल्सचं ऑफिस आहे. कॉलेज सुटलं की मी तिथे जातो. आमचा पाडा बारवी धरणाच्या पलीकडे, पंधरा घरांचा. धरणाचं पाणी पाइपातून या शहरांकडे येतं, मीही त्याच वाटेने आलो. शिरगावला पाच मुलांत एक खोली घेऊन राहतो. आईला माझं काम समजावून सांगायचा प्रयत्न केला, तर ती म्हणाली, "मंग तू बी जातस का रं त्या जहाजात?" मी नाही म्हटलं. "मंग त्या हाटेलात तरी ऱ्हातस का?" त्यालाही नाहीच म्हणावं लागलं. 

जहाजाचं तिकीट आता कोणीही मोबाइलवर काढतं. मुंबईहून निघून गोवा किंवा लक्षद्वीप, तीन-चार दिवसांत परत. घोळ असतो तो आदल्या रात्रीचा. जहाज दुपारी सुटत असलं तरी चढायचं दार त्याच्या दोन-अडीच तास आधी बंद होतं, आणि ते कोणासाठी उघडत नाही. बॅगा, गुडघे दुखणारी माणसं, त्यात रविवार असला तर मेगाब्लॉक. म्हणून आदल्या दिवशीच बंदराजवळ जाऊन राहावं, एवढाच आमचा सल्ला. पण आपल्याकडच्या लोकांना तो पटत नाही. "मुंबईला हॉटेल? आम्ही काय परदेशातून आलोय?" असं मला कात्रपच्या एका बाईंनी ऐकवलं होतं. त्यांच्या यजमानांनी एकतीस वर्षं रोज मुंबईला जाऊन संध्याकाळी घरी परत यायचं काम केलेलं. मुंबईत रात्र काढायची, हे त्यांना जरा चुकीचंच वाटत होतं.

हरेश शेठची एक पद्धत आहे. हॉटेलच्या फोटोवर विश्वास ठेवायचा नाही. "फोटो तो मेरा भी अच्छा आता है," ते म्हणतात. त्यामुळे माणूस जाऊन बघून येतो, तो माणूस म्हणजे मी. शेठनी मला एक जुनी मोठी बॅग दिली आहे. तिच्यात शेजारच्या कारखान्यातल्या जीन्सच्या चिंध्या ठासून भरल्या आहेत, साधारण एका गिऱ्हाइकाच्या सामानाइतकं वजन होईल अशा. ही बॅग घेऊन हॉटेलच्या दारापासून बंदराच्या गेटपर्यंत चालायचं आणि किती वेळा हात बदलावा लागला ते वहीत लिहायचं. नकाशात सहाशे मीटर दिसतात, पण मध्ये उखडलेला फुटपाथ असला तर हात नऊ वेळा बदलतो. गेटवरचा शिपाई मला आता ओळखतो. "आज क्या लाया, फिर वही चिंधी?" म्हणतो.

वहीत प्रत्येक हॉटेलचं एक पान. लिफ्ट दारापर्यंत येते की तिच्याआधी चार पायऱ्या आहेत. नाश्ता किती वाजता. बाथरूमचा उंबरा किती उंच. आणि बादली. उल्हासनगरच्या सिंधी आज्या मला जहाजाबद्दल काहीही विचारत नाहीत, "बेटा, बाल्टी-मग्गा है ना?" एवढंच विचारतात. नसेल तर मी हॉटेलला आधी फोन करून ठेवायला लावतो. एका अकरा जणांच्या कुटुंबाने कुकर नेऊ देणारं हॉटेल मागितलं होतं. अंबरनाथच्या एका नव्या जोडप्याला तर हॉटेलच इतकं आवडलं की सकाळी आवरता आवरता जहाज गेलं. त्यांनी तक्रार केली नाही. पुढच्या वर्षी फक्त हॉटेल बुक करायला आले.

पहिल्यांदा खोली बघायला गेलो तेव्हा मी दाराबाहेर बूट काढले. आत पांढरी चादर, खाली गालिचा, मला ते देवघरासारखं वाटलं. खोली दाखवणारा माणूस बराच वेळ माझ्या मोज्यांकडे बघत होता. एकाला भोक होतं. ऑफिसात येऊन शेठना सांगितलं की पलंग चांगला आहे.

"सोया क्या उस पे?"

"नाही शेठ. बसलो पण नाही."

"अरे भरत, कस्टमर को क्या बोलेगा? चादर का रंग? अगली बार पाँच मिनट लेटने का. दार बंद करके. आंख बंद. क्या सुनाई देता है, वो लिख."

पुढच्या वेळी झोपलो. बंदरापासून जवळ, जुन्या दगडी इमारतीतलं हॉटेल होतं, तिसरा मजला, पॅसेजच्या अगदी टोकाची खोली. दुपारचा एक वाजला होता. डोळे मिटले आणि काहीच ऐकू आलं नाही. शिरगावच्या खोलीत कोणाचा तरी मोबाइल सतत चालू असतो, खाली वेल्डिंगचं दुकान आहे, मला परीक्षेचा अभ्यास कानात कापूस घालून करावा लागतो. त्या पलंगावर मला माझा श्वास ऐकू आला. पाच मिनिटांची वीस झाली. वहीत त्या पानावर मी लिहिलं, "लिफ्टपासून लांब. रस्ता नाही. आवाज शून्य." आणि शून्याखाली दोन रेघा मारल्या. पुढे या धंद्यात कळलं की गिऱ्हाइकांची सगळ्यात जास्त तक्रार आवाजाचीच असते, लग्नाचा हॉल, लिफ्टची घंटा, मागची पाण्याची मोटर. त्यामुळे ती टोकाची खोली मी मोजक्या लोकांसाठी राखून ठेवायचो. जे आवडायचे त्यांना द्यायचो.

महाडिक काका मला आवडले होते.

ते अंबरनाथच्या एका कारखान्यात टर्नर होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली, राहायला कात्रपला. काकू आठ महिन्यांपूर्वी गेल्या होत्या. मुलगी वैशालीताई बंगळूरला. तिने वडिलांसाठी चार दिवसांच्या जहाजाचं तिकीट काढलं, आणि आदल्या रात्रीच्या हॉटेलसाठी आम्हाला फोन केला. "बाबा घराबाहेर पडतच नाहीत. एकदा समुद्रावर गेले की मोकळे होतील. तेवढं हॉटेल चांगलं बघा हो, पहिल्याच रात्री कंटाळले तर पुढे जायचेच नाहीत." हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं होतं. आजही आहे.

कागद द्यायला मी काकांच्या घरी गेलो. नवी इमारत, चौथा मजला. मजल्यावर चार फ्लॅट आणि त्यातल्या तीन फ्लॅटना कुलपं. एकाच्या कडीत कधीची तरी पाण्याच्या बिलाची चिठ्ठी अडकवलेली. चौथ्याचं दार सताड उघडं, ते मिटू नये म्हणून खाली चपला अडकवलेल्या.

"या, या. दार वाऱ्यासाठी उघडं ठेवतो," काका म्हणाले. वारा नव्हता.

"शेजारी गावाला गेलेत का?"

"शेजारी आलेच नाहीत अजून. घेऊन ठेवलेत फ्लॅट. एक मालक दुबईला, एक नाशिकला. तिसरा कोण ते वॉचमनलासुद्धा ठाऊक नाही." मग हसून म्हणाले, "पण भांडण नाही हां कोणाशी."

टीव्हीवर कुठलंसं गुजराती प्रवचन चालू होतं. मी विचारलं, तुम्हाला गुजराती येतं? "छे, पण तो माणूस थांबत नाही, सलग बोलतो," काका म्हणाले. त्यांनी चहा केला. तो संपायच्या आत दुसऱ्याचं आधण ठेवलं. मला पाड्यावर जायचं होतं आणि आमच्याकडे जाणारी शेवटची एस.टी. साडेपाचची.

"बस रे पाच मिनिटं."

"काका, गाडी जाईल."

"जाईल, जाईल. बरोबर आहे," असं म्हणून ते जिन्यापर्यंत आले. मी तळमजल्याला पोचलो तरी वरून त्यांचा आवाज येत होता. "पायरी तुटलीय बघ दुसऱ्या मजल्याची! सांभाळून!"

तीन कुलपं मी माझ्या डोळ्यांनी पाहिली होती. उघडं दार पाहिलं होतं. आणि एस.टी.त बसल्या बसल्या मी ठरवलं की या माणसाला आपण टोकाची खोली द्यायची.

मी खूप मनापासून केलं ते. हॉटेलला तीनदा फोन केले. तीच खोली पाहिजे, बादली पाहिजे, नाश्त्याला पोहे असतील तर बरं. शेवटी रिसेप्शनच्या माणसाला सांगितलं, "गेस्ट एकटे आहेत, वयस्कर आहेत. त्यांना कोणी डिस्टर्ब करायचं नाही."

शनिवारी संध्याकाळी सात-साडेसातला काकांचा फोन आला. मी ऑफिस बंद करत होतो.

"भरत, पोचलो रे. खोली फार छान आहे."

"पाणी, बादली?"

"सगळं आहे. फार छान आहे." मग म्हणाले, "मी खाली येऊन बसलोय. सोफ्यावर. इथे जरा माणसं येतात-जातात."

"काका, रूममध्ये आराम करा की. उद्या दगदग आहे."

"करतो ना. तू जेवलास?"

"नाही अजून. शटर ओढतोय."

"बरं, बरं. ओढ. काम कर तुझं."

एवढंच बोलणं. मी त्यांना खोलीत जायला सांगितलं.

रविवारी दुपारी दोनच्या सुमाराला वैशालीताईंचा फोन आला. समोर एक गिऱ्हाईक बसलं होतं. "बाबांचा फोन बंद लागतोय. चढले ना ते जहाजावर?"

आमच्या धंद्यात आधी हो म्हणायचं आणि मग बघायचं अशी सवय असते. शिवाय समुद्रात फोन लागत नाही हे रोजचंच. शिवाय मी इतकं चांगलं केलं होतं की काही चुकेल असं डोक्यातही नव्हतं. मी म्हटलं, "हो ताई, चढले."

"नक्की ना?"

"नक्की."

गिऱ्हाईक गेल्यावर, उगाच खात्री म्हणून, मी हॉटेलला फोन लावला. रिसेप्शनचा माणूस म्हणाला, "वो अंकल? वो तो सुबह छह बजे निकल गए. नाश्ता भी नहीं किया." मी विचारलं, बंदराकडे गेले? "नहीं, स्टेशन की तरफ. पैदल. पूरी रात यहीं सोफे पे थे." मग त्याने सांगितलं ते मी कोणाला आजवर सांगितलं नव्हतं. काका त्याच्याशी बोलायला बघत होते, गाव कोणतं, मुलं किती, असं. आणि तो नुसता हसून कॉम्प्युटरकडे बघत राहिला. "आपने ही बोला था ना, डिस्टर्ब नहीं करने का."

त्याच क्षणी ताईंना परत फोन करायला हवा होता. माणूस एका मिनिटात करतो. मी केला नाही. काय सांगणार होतो? मी खोटं बोललो, आणि तुमचे वडील कुठे आहेत मला माहीत नाही. म्हटलं, आधी आपण शोधू, मग सांगू. सोमवारी कॉलेज बुडवून कात्रपला गेलो. चौथ्या मजल्यावर चार कुलपं होती. दुसऱ्या मजल्याची पायरी अजून तुटकीच होती. वॉचमन म्हणाला, "साहब तो जहाज पे गये ना?" मी मान हलवली. मंगळवारी परत गेलो. त्या दिवशी त्या जिन्यात बसून राहिलो तासभर. इमारतीत एकही आवाज नव्हता. मी ज्याच्याखाली दोन रेघा मारल्या होत्या तोच तो शून्य होता, आणि मला तिथे बसवेना.

कोणाला सांगावं हेही कळत नव्हतं. खोलीतल्या मुलांना मी काय काम करतो तेच नीट माहीत नव्हतं. आईला फोन केला, ती म्हणाली, "आवाज बारीक का येतो रं तुझा?" म्हटलं, रेंज नाही.

बुधवारी, ज्या दिवशी जहाज परत येणार होतं, शेठना सांगितलं. ते ओरडतील असं वाटलं होतं. ते खुर्चीत मागे टेकले.

"इतवार से जानता है तू?"

"हो."

"और मुझे आज बोलता है. गलती हॉटल में नहीं की तूने. गलती इधर की." त्यांनी माझा फोन उचलून माझ्या हातात दिला. "अभी के अभी बेटी को लगा. मेरे सामने."

लावला. ताईंनी उचलला आणि मी बोलायच्या आतच म्हणाल्या, "बाबांशी आत्ताच बोलणं झालं. ते अंबरनाथला आहेत, त्यांच्या कारखान्यातल्या मित्राकडे. मला वाईट वाटू नये म्हणून फोन बंद ठेवला होता." मी स्टुलावर बसलो. मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"रविवारी दुपारपासून, ताई. हॉटेलमधून निघाले एवढं माहीत होतं. कुठे गेले ते नव्हतं."

"चार दिवस."

"हो."

"मी चार दिवस ऑफिसात सगळ्यांना सांगत होते, माझे बाबा जहाजावर आहेत," त्या म्हणाल्या. ओरडल्या नाहीत. फोन ठेवून दिला.

काका घरी परतल्यावर मी त्यांना भेटायला गेलो. दार उघडंच, खाली चपला. ते मला बघून इतके खूश झाले की मला जास्तच लाज वाटली. मी माफी मागितली. त्यांनी ऐकूनही न ऐकल्यासारखं केलं आणि चहा ठेवला.

"तुझी खोली चांगलीच होती रे. मी दार बंद केलं आणि वाटलं, अरेच्चा, मी कात्रपलाच आहे की. इथून उचललं आणि तिथे ठेवलं. म्हटलं जहाजावरही हेच असणार. दार बंद, आणि खाली पाणी. चार दिवस." ते हसले. "मित्राकडे दोन खोल्यांत सात माणसं. पॅसेजमध्ये झोपलो चार रात्री. रात्रभर कोणीतरी ओलांडून बाथरूमला जातंय. एकाने तर पाय दिला पोटावर."

"मग झोप?"

"मेल्यासारखा झोपलो."

त्या दिवशी माझी एस.टी. मी जाऊ दिली. तीन चहा झाले. त्यांनी मला लेथवर धातू कापताना आवाजावरून काय कळतं ते समजावलं. पातं बोथट झालं की आवाज बदलतो म्हणे, डोळ्यांआधी कानांना कळतं. चाळीस वर्षं हा माणूस आवाजात उभा होता, हे मला कागद द्यायला गेलो तेव्हा विचारता आलं असतं.

शेठनी मला काढून टाकलं नाही. फक्त मी हॉटेलला फोन करताना ते आता समोर बसतात. वहीत मी एक नवीन रकाना केला आहे. गिऱ्हाइकाला विचारतो, घरी कोण कोण असतं. काहींना हा प्रश्न आगाऊ वाटतो. एकटं कोणी असलं तर मी लिफ्टजवळची, रस्त्याच्या बाजूची खोली मागतो आणि रिसेप्शनला सांगतो, गेस्ट बोलके आहेत. शेठ म्हणतात, "खराब रूम मांग के लेने वाला एजंट पहली बार देखा." तक्रारी येतात. तीन आल्या. एका आजोबांनी मात्र परत आल्यावर मला रस्त्यावरच्या पावभाजीवाल्याचं नाव, गाव आणि त्याच्या मुलीचे दहावीचे मार्क सांगितले.

वैशालीताईंचा नंबर मी पुसला नाही, पण फोन करायची हिंमतही झाली नाही. पावसाळ्यात परत एकदा कात्रपला गेलो, तर चौथ्या मजल्यावर चार कुलपं. वॉचमन नवीन होता, त्याला काही माहीत नव्हतं. काकांचा फोन लागत नव्हता. माणूस काय काय विचार करतो ते लिहीत नाही. परीक्षा संपल्या, खोलीतली चौघं मुलं गावाला गेली, आणि गेले तीन आठवडे मी शिरगावला एकटा राहतोय. मोबाइल नाही, भांडण नाही. अभ्यासाला उत्तम. संध्याकाळी मी दार उघडं ठेवतो.

हा लेख इथेच संपणार होता, बाईंना देण्यासाठी साफ पानावर उतरवायलाही घेतला होता. गेल्या गुरुवारी वैशालीताईंचा मेसेज आला. लांबलचक नव्हता. काकांनी फ्लॅट भाड्याने दिला आहे, भाडेकरू दिवाळीनंतर यायचेत. ते स्वतः वांगणीच्या बाजूला वृद्धांच्या एका आश्रमात राहायला गेले आहेत, स्वतःच्या मर्जीने, ताईंच्या मर्जीविरुद्ध. तिथे एकट्याची स्वतंत्र खोली रिकामी होती, ताई ती घ्या म्हणत होत्या. काकांनी आठ कॉटांच्या हॉलमधली कॉट मागून घेतली. शेवटी लिहिलं होतं, "बाबा म्हणाले, त्या हॉटेलवाल्या भरतला आवर्जून कळव. कॉट दाराजवळची आहे. सगळे ओलांडून जातात."